दीडशे किलोची खुर्ची



अमेरिकेत आम्ही मोटारहोमने फिरतो कळल्यावर सकाळपासून एकच प्रश्न: हिची बॅटरीवरची खुर्ची नेता कशी? दीडशे किलोची ती, उचलणं अशक्य. मागच्या हिचवर विजेची लिफ्ट बसवली. आणि सर, तुमची तरफ तिथे भेटली! मागचा अ‍ॅक्सल म्हणजे टेकू. त्याच्या मागे खुर्ची टांगली की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगची पकड जाते. म्हणून हिचवर उभा भार किती चालतो ते बघायचं, लिफ्टचं वजनही त्यातच धरायचं, मग भरलेली गाडी काट्यावर न्यायची. चार पट्टे, वर ताडपत्री. कंट्रोलरमध्ये पाणी गेलं तर ही मुक्कामीच अडकेल.

यंदा ग्रँड कॅन्यनच्या कडेने ही स्वतः खुर्ची चालवत गेली. मी मागे, धापा टाकत.