हँडल कापतंय? जुन्या गाडीचा डँपर घरी उघडताना

गेल्या काही भागांपासून एकच विचारणा पुन्हा पुन्हा येते आहे. "काहून भाऊ, साठच्या वर गेलं की हँडल कापून राह्यलं." म्हणून आजचा अख्खा भाग स्टीअरिंग डँपरवर. बोललेलं जवळजवळ तसंच लिहून काढलंय, कारण काम करताना मजकूर समोर असलेला बरा.

मी नागझिऱ्याच्या कडेला राहतो, साकोलीच्या बाजूने. व्याघ्र प्रकल्पाच्या आत दुचाकी जात नाही, ते सोडा. पण बाहेरचे आमचे रस्तेही जंगलातूनच जातात. साकोलीहून कोहमाऱ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ घ्या. एकीकडे नागझिरा, दुसरीकडे नवेगाव, आणि २०१३ पासून दोन्ही मिळून एकच व्याघ्र प्रकल्प. जनावर इकडून तिकडे जाणारच. अंधार पडताना रानडुक्कर आडवं आलं, तुम्ही वेग कमी केला, आणि नेमकं तेव्हाच हँडल थरथरायला लागलं, तर पुढचं काही तुमच्या हातात राहत नाही. आमच्याकडे हा हौसेचा विषय नाही.

आता डँपर म्हणजे काय? जुन्या जावाला, जुन्या बुलेटला हँडलच्या मधोमध एक मोठा गोल नॉब असतो. बऱ्याच पोरांना वाटतं तो शोभेचा आहे. त्याच्याखाली एक लांब सळई हँडलच्या दांड्यातून खाली उतरते. तळाशी एक लोखंडी पाटी, तिचा कान फ्रेमला अडकवलेला. तिच्या वर-खाली फायबरच्या चकत्या, आणि शेवटी स्प्रिंगची पाटी. नॉब आवळला की चकत्या दाबल्या जातात आणि हँडल जड होतं. बस. साइडकार जोडलेल्या गाडीला किंवा खराब रस्त्याला तो आवळायचा, एरवी सैल. मैसूरला १९६१ पासून जावा बनायला लागल्या, त्या काळातल्या रस्त्यांचा विचार केला तर नॉब का होता ते समजतं.

पण डँपरला हात लावण्याआधी नॉब पूर्ण सैल करा. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय. आवळलेला डँपर कोन सेटचा आजार झाकून ठेवतो. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनखाली लाकडाचा ओंडका लावून पुढचं चाक अधांतरी करा. फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. टक् टक् जाणवलं तर कोन सैल आहे. मग हँडल बोटाने सावकाश फिरवा. बरोबर मध्ये खाचेत बसल्यासारखं अडकतं? मग बॉल-रेसरला खड्डे पडलेत, तो सेट बदलायचा. डँपरने ते बरं होत नाही. टायर एका बाजूने झिजलाय का, मागच्या स्विंग आर्मचे बुश ढिले आहेत का, तेही बघा. माझ्या मते दहातल्या आठ तक्रारी इथेच मिटतात. (हा आकडा माझ्या अनुभवाचा, मोजलेला नाही.)

हे सगळं ठीक असेल तर डँपर उघडा. खालचा नट काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, कारण चकत्यांचा क्रम चुकला की डँपर लागतच नाही. जुन्या चकत्यांमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. म्हणून कोरड्या घासू नका, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

चकती काळी, चकचकीत, तेलकट दिसली तर समजा वरच्या बेअरिंगमधलं ग्रीस उन्हाने पातळ होऊन खाली उतरलंय. आमच्याकडे मे महिन्यात ते होतंच. तेल प्यायलेली चकती धुऊन परत लावण्यात अर्थ नाही, नवीनच घाला. लोखंडी पाटी मात्र वाचते. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती आठच्या आकड्यात घासली की कुठे वाकलीय ते लगेच दिसतं. आणि पाटीचा कान! बोल्टचं भोक लांबट झालं असेल तर नॉब कितीही आवळा, हँडल मध्यावर थोडं मोकळंच हलणार, म्हणजे जिथे गरज आहे तिथेच डँपर गैरहजर. वेल्डिंगवाल्याकडून भोक भरून घ्या आणि नव्याने पाडा.

जोडताना चकत्या कोऱ्या ठेवा, ग्रीस फक्त सळईच्या आट्यांना.

काहींनी बाजारातून तेलाचा, म्हणजे हायड्रॉलिक डँपर बसवलाय. तो गाडीवरून काढून हातात घ्या आणि दांडा सावकाश आत-बाहेर करा. विरोध दोन्हीकडे सलग लागला पाहिजे. दिशा बदलताना क्षणभर पोकळ वाटलं तर आत हवा शिरलीय, नाहीतर तेल कमी झालंय. दांड्यावर नखाला लागेल असा चरा असेल तर नवीन सील महिनाभरही टिकणार नाही. सर्क्लिप असलेला डँपर घरी उघडतो. दाबून कायमचा बंद केलेला किंवा गॅस भरलेला उघडू नका. सील केरोसीनने पुसा, पेट्रोलने ते फुगतं. कंपनीने सांगितलेलं तेल, नाहीतर त्याच वजनाचं फोर्क ऑइल. ब्रेक ऑइल कधीच नाही. भरताना दांडा हळूहळू चालवत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत.

बसवल्यावर पहिली गोष्ट, हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा. डँपरचा दांडा आधी संपता कामा नये, फ्रेमचा स्टॉपर आधी लागला पाहिजे. नाहीतर वळणात हँडल अडकेल.

नॉब किती आवळायचा? चाक अधांतरी असताना हँडल स्वतःच्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे, तिथून पाव-पाव फेरा. भर दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, दोन्ही हात हँडलवर ठेवून बघा. बाजारात, गर्दीत हळू चालवताना गाडी डुलायला लागली तर जास्त आवळलाय, मागे घ्या. आणि कॅरिअरवर धानाचा कट्टा बांधला असेल तर पुढचं चाक हलकं होतं. तेव्हा हँडल कापलं म्हणून नॉब आवळत बसू नका, कट्टा उतरवून सीटवर पुढे सरकवून बांधा आणि वेग चाळीसच्या आत ठेवा.