सुट्टीतली मुले आणि घरातले हात



सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत आम्ही बोलावे असा आग्रह कार्यवाहांनी धरला, तेव्हा आम्हांला प्रथम संकोच वाटला. आम्ही काही शिक्षणशास्त्राचे अभ्यासक नव्हे. बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीच्या कामात शिरलो आणि तीसहून अधिक वर्षे दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने दाखविण्यात घालविली. आज मात्र स्वतःच्याच चुकांचा हिशेब आपणांपुढे मांडावयाचा आहे. विषय अगदी घरगुती आहे. सुट्टी लागली, आता लहान मुलांचे काय करावयाचे, हा तो प्रश्न.

आमचे बालपण सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. १९७०च्या दशकातील त्या सुट्ट्यांत आम्हांला कोणी ‘गुंतवून ठेवले’ असे स्मरत नाही. आंब्याची अढी लावावयाची असे, विहिरीत पोहावयाचे असे, दिवाळीत अंगणात किल्ला करावयाचा असे. आम्हांला कोणी शिकविले नाही, हेही तितकेसे खरे नव्हे. आजी वाती वळत असे, तिच्या मांडीशी बसून आम्हीही वळत असू. आजोबा अंबाडीचे चऱ्हाट वळीत आणि दुसरे टोक आमच्या हाती देत. घरातील मोठ्यांचे हात सदैव कशात तरी असत आणि त्या हातांशेजारी लहान हातांना आपोआप जागा मिळे.

नोकरीनिमित्त २००९ साली आम्ही विशाखापट्टणमला आलो, तेव्हा कन्या सात वर्षांची व चिरंजीव चार वर्षांचे होते. येथील सुट्ट्यांचे गणितच निराळे, हे आपण सर्वजण जाणता. महाराष्ट्रातल्यासारखी दिवाळीची लांब सुट्टी येथे नाही. आंध्रातील शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची आणि संक्रांतीची. केंद्रीय विद्यालयांची शरद-सुट्टीही दसऱ्याच्या सुमारासच येते. दिवाळी एकदोन दिवसांत उरकते. उन्हाळ्याची सुट्टी भरपूर, पण प्रत्येक वर्षी गावी जाणे जमत नाही. मग तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, बाहेर घाम काढणारी समुद्राकाठची दमट हवा आणि घरात दोन मुले, असा देखावा उभा राहतो. त्या देखाव्यातील सर्व भार मुलांच्या आईवर पडतो आणि वडील सकाळी साडेनऊला कार्यालयात निघून जातात. आम्हीही तेच केले, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

आमची पहिली चूक २०१० सालच्या उन्हाळ्यातील. सुट्टी वाया जाऊ नये म्हणून आम्ही एक तक्ता तयार केला. सकाळी आठ ते नऊ शुद्धलेखन, नऊ ते दहा कागदकाम, दहा ते अकरा चित्रकला, आणि शेवटच्या रकान्यात आमची सही. तक्ता भिंतीवर लावून आम्ही कार्यालयात जात असू आणि सायंकाळी येऊन तपासणी करीत असू. चौथ्या दिवशी सर्व रकान्यांत पूर्ण खुणा दिसल्या. आम्ही प्रसन्न झालो. मागाहून कळले की त्या खुणा कन्येने सकाळीच एकदम करून ठेवल्या होत्या. हिशेब तपासनिसाच्या मुलीने पहिला खोटा हिशेब आठव्या वर्षी लिहिला आणि तो लिहावयास आम्हीच शिकविले होते.

दुसरी चूक याहून मोठी. २०१३ साली मंडळाने दिवाळीतील किल्ल्यांची स्पर्धा ठेवली होती. चिरंजीव तेव्हा आठ वर्षांचे. त्यांनी माती, विटांचे तुकडे असे काहीबाही जमविले होते. ते ओबडधोबड दिसत होते. आम्ही म्हणालो, “थांब, मी दाखवतो.” आणि जे दाखवू लागलो ते तीन रात्री दाखवीतच राहिलो! थर्माकोल कापला, रंग दिले, बुरुजांवर दिवे लावले. किल्ल्याला पहिले पारितोषिक मिळाले. व्यासपीठावरून नाव पुकारले गेले, तेव्हा मुलगा जागचा हलला नाही. हळूच म्हणाला, “बाबांना बोलवा. किल्ला त्यांचा आहे.” सभागृहात लोक हसले. आम्हीही हसलो. पण त्या रात्री झोप आली नाही. पुढे कित्येक महिने त्या मुलाने कात्री किंवा माती हाती धरली नाही. ‘काहीतरी कर’ म्हटले की तो म्हणे, “मला नीट येत नाही.” हे वाक्य आम्ही त्याला पारितोषिकासह मिळवून दिले होते.

त्यानंतरचे वर्ष २०१४. १२ ऑक्टोबरला हुदहुद चक्रीवादळ आपल्या शहरावर आदळले. आपल्यापैकी अनेकांनी ते सोसले आहे, त्याचे वर्णन आम्ही काय करावे? ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाचा वारा, उन्मळून पडलेली झाडे, मग कित्येक दिवस वीज नाही, दूरध्वनी नाही, शाळा बंद. ठरविलेली नसलेली अशी ती सुट्टी होती. दूरदर्शन संच मुका झाला होता. दिवाळी २३ तारखेला होती. वसाहतीत सर्वत्र वाळलेल्या फांद्यांचे ढीग असल्याने फटाके वाजवावयाचे नाहीत असे आम्ही शेजाऱ्यांनी ठरविले. तेव्हा मुलगा आपण होऊन म्हणाला, “मग किल्ला तरी करू. पण तुम्ही हात लावायचा नाही.”

आम्ही हात लावला नाही. जवळ पायरीवर बसलो आणि तुटलेल्या खिडकीच्या चौकटीस रंधा मारू लागलो. अध्यक्ष महोदय, मुलांच्या शेजारी बसून स्वतःचे खरे काम करण्याची आमच्या आयुष्यातील ती पहिलीच वेळ असावी.

येथील तांबडी माती आपल्या कोकणातल्या मातीची आठवण करून देते, पण तिच्यात वाळू फार. पहिला किल्ला वाळताच ढासळला. दुसऱ्यात मुलांनी पाणी अधिक घातले, तो रात्रीतून बसला. आमच्या जिभेवर सल्ला आला होता, तो गिळणे वाऱ्याला तोंड देण्याहून कठीण गेले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या तेलुगू कुटुंबातील आजीबाईंनी गच्चीवरून पाहिले, खाली आल्या आणि मातीत भाताचा पेंढा चुरून मिसळा, असे खुणेने सांगितले. खेड्यातील कुडाच्या भिंती अशाच लिंपतात. मग मुलांनी विटांची उतरंड रचली, मातीच्या पातळ काल्यात गोणपाट बुडवून तीवर पसरले, आणि वरून पेंढ्याच्या मातीचा थर दिला. उतार उभा न ठेवता पसरट ठेवला. किल्ला उभा राहिला. मोहरी पेरली, तिला तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवे कोंब आले. मातीचे मावळे येथे विकत मिळत नाहीत, म्हणून मुलांनी ते स्वतः वळले. त्यांपैकी निम्म्यांच्या खांद्यावर आंध्र पद्धतीचे उपरणे होते, कारण ते शेजारच्या मुलांनी वळले होते.

या सर्वांत आणखी एक गोष्ट घडली. घरात मराठी बोला, असे आम्ही मुलांना सारखे बजावीत असू आणि मुले इंग्रजीत ‘हो’ म्हणत. त्या आठ दिवसांत मात्र बुरूज, माची, तट, बालेकिल्ला, दिंडी दरवाजा हे शब्द त्यांच्या तोंडी बसले, कारण हातांना त्यांची गरज लागली. शेजारची मुलेही ‘बुरूज’ म्हणू लागली. आमच्या मुलांना कळले की तेलुगूतील ‘मट्टि’ म्हणजे आपली मातीच. भाषा उपदेशाने टिकत नाही, ती कामाबरोबर येते, हे आम्हांला चाळिशी उलटल्यावर उमगले.

यात आम्ही नवे काही शोधले असे नव्हे. ताराबाई मोडक या मराठी बाईंनी घरापासून दूर भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ पासून बोर्डीस व नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी बालवाडी चालविली ती महागड्या साधनांवाचून, बिया, शिंपले, पाने अशा परिसरातील वस्तूंवर. मुलाने स्वतः करावे आणि मोठ्याने पाहावे, हेच त्या कार्याचे सार. अलीकडच्या काळात अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, जुनी वर्तमानपत्रे यांतून शेकडो खेळणी करून दाखविली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पैसा लागत नाही, लागतो तो धीर, असे या दोन्ही कार्यांकडे पाहून म्हणावेसे वाटते.

आता थोडे व्यवहाराचे सांगतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलास मळलेल्या कणकेचा गोळा, फाडावयास जुने वर्तमानपत्र आणि पाण्याने रंगवावयास गॅलरीची फरशी पुरे. डाळी निवडावयास देता येतात, पण डोळ्यांदेखत. वाटाणा नाकात जावयास क्षणही लागत नाही. सहा-सात वर्षांचे मूल कागदाची होडी, ठिपक्यांची रांगोळी, बोथट टोकाची कात्री ही कामे करते. नऊ-दहाच्या पुढे बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील सहज जमतो. कामट्या बुरुडाकडून तासून घ्याव्यात, गाठी मुलांनी माराव्यात. पतंगी कागद चिकटविण्यास मैद्याची खळ घरीच शिजवावी. खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, ती लहान मुलांच्या घरी पाळू नये, कारण मोरचूद विषारी असते. कंदील वाकडा झाला तर वाकडाच टांगावा. पसारा आवरण्याचे काम मुलांचे असावे, मात्र पसारा झाला म्हणून ओरडू नये.

येथील सणांतही मोठा ठेवा आहे. भोगीच्या दिवशी तेलुगू घरांत लहान मुलांच्या डोक्यावरून ‘भोगी पळ्ळु’ ओततात. त्यात बोरे असतात, फुलांच्या पाकळ्या असतात, नाणी असतात. आपले बोरन्हाण ते याहून वेगळे काय? संक्रांतीच्या सुट्टीत पुठ्ठा, दोरा व हलवा घेऊन मुलांनी धाकट्या भावंडासाठी हलव्याचे दागिने करावेत आणि शेजारच्या बाळालाही घालावेत. एखादा दिवस एटिकोप्पाकास जावे. तेथील कारागीर अंकुडु लाकूड, म्हणजे आपला काळा कुडा, चरकावर फिरवून लाखेचे नैसर्गिक रंग चढवितात. या खेळण्यांना २०१७ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सावंतवाडीची लाकडी फळे पाहिलेल्या मुलांना तेथे दूरच्या नातेवाइकांच्या घरी आल्यासारखे वाटते. आणि किल्ले केवळ सह्याद्रीतच आहेत असेही नाही. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात समाविष्ट झाले, त्यांतील जिंजी तमिळनाडूत आहे. शिवाजी महाराजांनी तो १६७७ साली घेतला. दूर राहणाऱ्या मराठी मुलांना हे सांगावयास हवे.

मंडळास दोन नम्र सूचना करतो. किल्ल्यांची स्पर्धा अवश्य ठेवावी, परंतु किल्ला मंडळाच्या आवारातच, परीक्षकांसमक्ष, मुलांनी करावा. पालकांनी त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसून स्वतःचा आकाशकंदील करावा. आणि एक कपाट हत्यारांचे असावे. कात्र्या, सुतळी, हातोडी, कामट्या, जुने गोणपाट असे सर्व त्यात ठेवावे. आपल्याकडील निवृत्त मंडळींपैकी कोणास चऱ्हाट वळता येते, कोणास वाती, कोणास विणकाम. आठवड्यातून एक दुपार त्यांनी तेथे येऊन आपले काम करीत बसावे. शिकविण्याची गरज नाही. मुले आपण होऊन शेजारी येऊन बसतील. आणि वडील मंडळींनो, वर्षाच्या रजेतील चार दिवस मुलांच्या सुट्टीसाठी राखून ठेवा. ते आम्ही वेळेवर राखले नाहीत, आणि शिल्लक रजा पुढल्या वर्षात ओढता येते, मुलाचे आठवे वर्ष ओढता येत नाही.

आमची कन्या आता बंगळूरला नोकरी करते. चिरंजीव दुसऱ्या राज्यात वसतिगृहात राहून शिकतात. २०२४ च्या दिवाळीपूर्वी एका रात्री उशिरा त्यांचा दूरध्वनी आला. परीक्षेचे काही असेल म्हणून आम्ही घाबरलो. ते म्हणाले, “बाबा, गोणपाट आधी नुसत्या पाण्यात भिजवायचं, की थेट मातीत?” वसतिगृहाच्या मागे पाच प्रांतांची पाच मुले किल्ला करीत होती. उत्तर आम्हांला ठाऊक होते, ते जिभेवरही आले. तरी आम्ही एवढेच म्हणालो, “दोन्ही करून बघ.”