चित्रकला आणि चरितार्थ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



 पुस्तकांची मुखपृष्ठे आणि कथाचित्रे काढून मी या बंगळूर नगरीत चरितार्थ चालवते, एवढाच माझा अधिकार. तेव्हा सौंदर्यशास्त्राच्या खोल पाण्यात मी शिरणार नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा कोजागिरीला भेटणारे आईवडील मला जो प्रश्न हटकून विचारतात, त्याचेच उत्तर देण्याचा आज प्रयत्न करणार आहे. तो प्रश्न असा : “आमच्या मुलीचा हात चांगला आहे. पण नोकरी न धरता नुसती चित्रे काढून तिचा संसार चालेल का?”

या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही. आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील येथे आले ते नोकरीसाठी. १९४० साली विमानांचा कारखाना निघाला, १९४८ साली टेलिफोनचा, १९५३ साली एच.एम.टी.चा आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. परमुलखात बिऱ्हाड थाटणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आणि निवृत्तीनंतरचा फंड यांचा केवढा आधार वाटला असेल! त्या आधारावरच आपली घरे उभी राहिली आणि मुले शिकली. परंतु ज्या एच.एम.टी.चे घड्याळ लग्नात जावयाला देण्याची रीत होती, त्याच घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला, हेही आपण पाहिले. नोकरी म्हणजे शाश्वती आणि स्वतंत्र व्यवसाय म्हणजे जुगार, ही विभागणी आता पूर्वीइतकी सरळ राहिलेली नाही.

चित्रकाराने पोट भरण्याचे तीन मार्ग आपल्या परंपरेत दिसतात. पहिला, चित्रकलेचीच नोकरी. म्हैसूरचे आर. के. लक्ष्मण १९४७ साली मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गेले आणि त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ त्या पत्रासाठी चित्रे काढली. दुसरा मार्ग, नोकरी निराळी आणि चित्रे निराळी. पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांमुळे घरोघरी पोहोचलेले वसंत सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते. दिवसा सिमेंट कंपनीचे काम आणि उरलेल्या वेळात व्यंगचित्रे, असा संसार त्यांनी केला, म्हणून त्यांच्या रेषेची धार कोठे बोथट झाली नाही. हे दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. तिसरा मार्ग स्वतंत्र व्यवसायाचा. आजचा विषय तो.

या मार्गावरचे पहिले ठळक नाव दीनानाथ दलाल यांचे. १९१६ साली गोमंतकात जन्मलेला हा तरुण मुंबईस आला, चित्रकलेचे शिक्षण घेऊन त्याने ‘दलाल आर्ट स्टुडिओ’ काढला आणि १९४५ साली ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक सुरू केला. या घटनेकडे आपण वाङ्मयीन घटना म्हणून पाहतो. मी व्यवसायाच्या दृष्टीने पाहते. १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी अंक हा मराठी चित्रकाराचा मोठा आश्रयदाता होता. मात्र संपादक सांगेल तेव्हा काम आणि देईल तेवढे मोल, ही त्या आश्रयाची अट. दलालांनी प्रकाशकांसाठी मुखपृष्ठे काढणे चालूच ठेवले. ‘मृत्युंजय’च्या मुखपृष्ठावरचा कर्ण त्यांचाच. त्याच्या जोडीला आपली चित्रे कोणत्या कागदावर, किती रंगांत आणि कोणत्या लेखनाशेजारी छापली जावीत, हे स्वतः ठरविण्याची जागा त्यांनी निर्माण केली. १९७१ साली दलाल गेले, पण अंक त्यांच्यामागेही निघत राहिला. हाताने केलेली मजुरी हाताबरोबर संपते, उभारलेला व्यवसाय मागे उरतो.

त्यांचेच समकालीन आणि गोमंतकीय रघुवीर मुळगावकर यांनीही ‘रत्नप्रभा’ आणि ‘रत्नदीप’ हे अंक काढले. आपल्या कर्नाटकातले, कलबुर्गीचे एस. एम. पंडित यांनी मुंबईत चित्रपटांच्या जाहिराती आणि कॅलेंडरे यांवर स्टुडिओ उभा केला. या तिघांना एक गोष्ट उमगली होती : चित्र काढणे हे अर्धे काम आहे, ते कोठे, कितीदा आणि कोणाच्या नावाने लोकांपुढे जाईल, हे पाहणे उरलेले अर्धे.

तिसरे उदाहरण आपल्याला भौगोलिक दृष्ट्याही जवळचे आहे. शि. द. फडणीस यांचा जन्म १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी झाला. कोल्हापूर आणि मुंबईचे जे. जे. स्कूल करून ते पुण्यास स्थिरावले. ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ची त्यांची मुखपृष्ठे, ‘अपूर्वाई’तली चित्रे, लहान मुलांच्या गणिताच्या पुस्तकांतली चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मासिकाचे मुखपृष्ठ महिनाभर जगते आणि मग रद्दीत जाते. फडणीसांनी आपली मूळ चित्रे जपली आणि १९६५ पासून ‘हसरी गॅलरी’ या नावाने गावोगावी त्यांची प्रदर्शने भरविली. एकाच चित्राने दोनदा काम केले, एकदा अंकावर आणि एकदा भिंतीवर. शिवाय त्यांची बहुतेक चित्रे शब्दांवाचून बोलणारी असल्यामुळे त्यांना भाषेची वेस राहिली नाही. पुण्यात हसविणारे चित्र बंगळुरातही तितकेच हसविते. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मुलांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येते. चित्रकार बाजारात विकतो काय? बहुतेकांना वाटते, चित्र. वस्तुतः तो चित्र वापरण्याची परवानगी विकतो. गाळा भाड्याने द्यावा आणि मालकी आपल्याकडे ठेवावी, तसा हा प्रकार आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची चित्रे घराघरांत पोहोचविली; परंतु कर्जापायी तो छापखाना आणि चित्रे छापण्याचे हक्क थोड्याच वर्षांत श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेले. नाव रविवर्म्याचे राहिले, उत्पन्न दुसऱ्याचे झाले.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत प्रत्येक होतकरू चित्रकाराने आणि त्याच्या आईवडिलांनी वाचण्यासारखा आहे. चित्राचा पहिला धनी चित्रकारच, हा त्यातला सर्वसाधारण नियम. पण नोकरीत काढलेले चित्र, निराळा करार नसेल तर, मालकाचे होते. आणि कोणी पैसे देऊन रंगचित्र अथवा व्यक्तिचित्र काढवून घेतले, तर उलट करार नसल्यास पहिला हक्क त्या काम सांगणाऱ्याचा ठरतो. म्हणजे जेथे कागद नाही, तेथे आपण आपल्याच चित्राला परके होऊ शकतो. हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो; मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क दिल्यावरही चित्रावर आपला कर्तृत्वाचा दावा सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. आयुष्यभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षे हे हक्क चालतात. घराचे खरेदीखत आपण वकिलाला दाखवतो. त्याच गांभीर्याने मुलीचा पहिला करार वाचावा.

दुसरा प्रश्न वसुलीचा. काम वेळेवर मागणारे पुष्कळ गिऱ्हाईक पैसे देण्याच्या वेळी विसरभोळे होतात. एका प्रकाशनसंस्थेकडून आलेल्या पैशांची मी अकरा महिने वाट पाहिली आहे. अशा वेळी २००६ चा सूक्ष्म, लघु उद्योगांचा कायदा कामी येतो. आपला एकट्याचा व्यवसाय ‘उद्यम’ म्हणून नोंदविला असेल, तर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे गिऱ्हाइकावर बंधनकारक होते, आणि न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. नोंदणीला पैसे पडत नाहीत. त्याखेरीज काही साधे नियम मी पाळते. काम सुरू करण्यापूर्वी काही रक्कम आगाऊ घ्यावी, किती वेळा दुरुस्त्या करून देऊ ते आधी लिहावे, बिलावर तारीख घालावी, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय नोकरी सोडू नये. महिन्यातले निम्मे दिवस पत्रव्यवहार, हिशेब आणि नव्या कामाचा शोध यांत जातात, हे धरूनच चित्राची किंमत सांगावी.

बंगळूर हे या व्यवसायाला अनुकूल शहर आहे. १९६० साली स्थापन झालेली कर्नाटक चित्रकला परिषद येथे आहे. २००४ पासून जानेवारीत कुमारकृपा रस्त्यावर तिची चित्रसंते भरते आणि एका दिवसासाठी चित्रकार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कोणी दलाल उरत नाही. महात्मा गांधी रस्त्याजवळ व्यंगचित्रांचे स्वतंत्र दालन आहे. २००४ सालीच येथे ‘प्रथम बुक्स’ ही मुलांच्या पुस्तकांची संस्था निघाली, जिची पुस्तके मराठीतही येतात. २०१५ साली सुरू झालेल्या तिच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संग्रहातली चित्रे कोणीही वापरू शकतो. मात्र चित्रकाराचे नाव देणे आवश्यक असते. असे मुक्त काम करावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे, पण समजून उमजून ठरवावे. आणखी एक सांगते. येथे धंदा करायचा तर कन्नड आली पाहिजे. मुद्रक, बाइंडर आणि फ्रेम करणारा यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणाऱ्याचे काम निराळ्या आपुलकीने होते.

यंत्राने क्षणात चित्र करून देण्याची सोय २०२२ पासून सर्वांच्या हाती आली, तेव्हा चित्रकार हवा कशाला, असेही कोणी विचारील. या यंत्रामुळे सामान्य प्रतीची कामे कमी झाली आहेत, हे मी लपविणार नाही. परंतु कोपऱ्यातली ‘दलाल’ ही सही पाहून अंक विकत घेणारा वाचक चित्राबरोबर एका माणसाची नजर विकत घेत होता. ज्याची नजर ओळखू येत नाही त्याला यंत्राचे भय अधिक. म्हणून मुलांना पाहायला शिकवा : मल्लेश्वरमचा बाजार, आजीच्या लुगड्याचा काठ, पावसात भिजलेली गुलमोहराची रांग.

शेवटी, पालकांचे उत्तर. संसार चालतो, मात्र नुसत्या हाताच्या गुणावर चालत नाही. चित्र, करार आणि हिशेब या तिन्हींचा अभ्यास करण्याची ज्याची तयारी आहे, त्याने हा मार्ग अवश्य धरावा. ज्याला केवळ चित्र हवे, त्याने सरवट्यांसारखी नोकरी करून मनमुराद चित्रे काढावीत. त्यातही कमीपणा नाही.

आणि मंडळाकडे एक मागणी. सुतार, मांडववाला, आचारी यांचे पैसे आपण ठरवून देतो. चित्रकाराला मात्र ‘घरचंच काम आहे’ म्हणून नारळ आणि शाल देतो. आपल्या भाषेत त्याच्या मोबदल्याला ‘मानधन’ म्हणतात, आणि पुष्कळदा मान मिळतो, धन राहून जाते. या सुवर्णमहोत्सवी ग्रंथाच्या मुखपृष्ठासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम धरावी, ती आपल्यातल्याच एखाद्या तरुण चित्रकाराला लेखी करार करून द्यावी आणि आतल्या पानावर त्याचे नाव ठळक छापावे. अशा पहिल्या कामाचा धनादेश घरी आला, की त्या घरातल्या वडीलधाऱ्यांची निम्मी काळजी आपोआप मिटेल.