जामिनाचे गुण



संयोजक म्हणाले, "वकिलीतलं काही सांग, पण कलमं नकोत." म्हणून गुणपत्रिकेबद्दल बोलतो. आरोपीच्या.

१९६१ साली न्यूयॉर्कमध्ये व्हेरा फाउंडेशनने मॅनहॅटन जामीन प्रकल्प सुरू केला. कायद्याचे विद्यार्थी अटकेतल्या माणसाला विचारत : एका पत्त्यावर किती वर्षं राहतोस? घरी कोण आहे? काम काय? पूर्वी शिक्षा झालीय? उत्तरं पडताळून गुण देत. पुरेसे गुण भरले, तर पैसे न घेता सोडावं, अशी शिफारस न्यायालयाला जाई. प्रश्न एकच : हा माणूस तारखेला परत येईल का?

आपल्याकडे गुण देत नाहीत, पण प्रश्न तेच आहेत. १९७९ मध्ये हुसैनआरा खातून खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी हीच यादी दिली : वास्तव्य, रोजगार, नातीगोती, लौकिक, पूर्वीचा गुन्हा, खात्री देणारी जबाबदार माणसं. त्याच्या आदल्या वर्षी मोतीराम या गवंड्याचा खटला झाला होता. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं.

तरी माझ्या एका पक्षकारावर तीच वेळ आली. आपल्याच तालुक्यातला ऊसतोड मजूर, चोरीचा आरोप, अटक दसऱ्यानंतर. जामीन मंजूर झाला, पण पंचवीस हजारांचा जामीनदार हवा. सातबारा असलेला कोणी पुढे येईना. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणून बायको दिराबरोबर फडावर गेली. दोन्ही मुलींची शाळा सुटली.

अट शिथिल करण्याच्या अर्जाला मी एक कागद जोडला. आजोबांपासूनचं घर, रेशनकार्ड, मुलींचा हजेरीपट, एकच मुकादम नऊ वर्षं, पूर्वीचा गुन्हा नाही. गावातल्या निवृत्त गुरुजींनी शपथपत्र दिलं. सरकारी वकील म्हणाले, "हा सहा महिने जिल्ह्याबाहेर असतो, पळून जाईल." मी म्हणालो, "साहेब, हा दरवर्षी जातो, आणि दरवर्षी पाडव्याच्या सुमारास परत येतो. नऊ वर्षांचा पुरावा समोर आहे." वैयक्तिक जातमुचलक्यावर तो सुटला. तोवर एक्केचाळीस दिवस झाले होते. पुढे एकही तारीख त्याने चुकवली नाही.

मात्र गुणांची एक भीतीही आहे. अमेरिकेत काही राज्यांत आता संगणकावर असे गुण काढतात. आपल्याकडे उद्या ते आले, तर पारधी वस्तीवरच्या पोराचं काय? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. चोरी कुठेही होवो, आधी त्यालाच उचलतात. प्रत्येक अटकेला गुण कापले, तर तो जन्मताच नापास. म्हणून गुण कसे दिले ते उघड हवं, खोडून काढता यायला हवं आणि निर्णय न्यायाधीशांनीच करायला हवा. पेपर तपासून दाखवल्याशिवाय आपणही मार्क मान्य करत नव्हतो, गुरुजी!

तुमच्यापैकी कितीतरी जण शिक्षक, ग्रामसेवक, सरपंच आहेत. कोणाची आई किंवा बायको दाखला मागायला आली, तर "भानगडीत पडायचं नाही" म्हणू नका. तो निर्दोष आहे असं तुम्हाला सांगायचं नाही. एवढंच लिहा : मी याला ओळखतो, हा इथलाच आहे.

त्या कागदावर सगळ्यात जड ओळ गुरुजींचीच होती.