पेशीची प्रथिने, विषाणूची जनुके



विषाणू सजीव की निर्जीव, हा प्रश्न परीक्षांत वर्षानुवर्षे विचारला जातो. त्याचे उत्तर पाठ करण्यापेक्षा विषाणूजवळ स्वतःचे काय असते आणि काय नसते, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. 1983 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रथम वेगळा केलेला एचआयव्ही घेऊ. त्याच्याजवळ अवघी नऊ जनुके आहेत.

आपल्या आरएनएची डीएनए प्रत तयार करून ती मानवी गुणसूत्रात जोडण्याचे काम हा विषाणू स्वतःच्या विकरांकडून करवून घेतो. पुढे मात्र ती जनुके वाचण्याची, म्हणजे प्रतिलेखनाची, यंत्रणा त्याच्याजवळ नाही. ती पेशीची आहे. रोगप्रतिकारक पेशी उत्तेजित झाली की एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन तिच्या केंद्रकात शिरते व संरक्षणाची जनुके कार्यान्वित करते. विषाणूच्या डीएनएच्या आरंभीही याच प्रथिनाला जोडून घेणाऱ्या जागा आहेत. म्हणजे संरक्षणाचा इशारा शत्रूलाही ऐकू जातो! भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या सी उपप्रकारात अशा जागा सहसा तीन असतात, तर पाश्चात्त्य देशांतील बी उपप्रकारात दोन. चार जागा असलेल्या सी उपप्रकाराच्या विषाणूंवरील बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राचे संशोधन 2012 मध्ये प्रसिद्ध झाले.

एवढ्यानेही काम पुरे होत नाही. पेशीचे आरएनए पॉलिमरेज विषाणूचा डीएनए वाचू लागते खरे; पण थोड्याच अंतरावर थबकते. येथे टॅट हे विषाणूचे छोटे प्रथिन उपयोगी पडते. नव्या आरएनएचा आरंभीचा भाग दुमडून टार नावाची रचना बनते. टॅट पेशीतील सायक्लिन टी-1 व सीडीके-9 या जोडीला टारपाशी आणते. सीडीके-9 पॉलिमरेजच्या शेपटीवर फॉस्फेट जोडते आणि थांबलेले वाचन तडीस जाते. त्यातून आणखी टॅट तयार होते व वेग वाढत राहतो.

ही जुळणी किती नेमकी आहे, ते उंदराकडे पाहून कळते. मानवी सायक्लिन टी-1 मध्ये 261व्या स्थानी सिस्टीन आहे, उंदरात तेथे टायरोसिन. सातशेहून अधिक अमिनो आम्लांच्या साखळीतील या एका फरकामुळे उंदराच्या पेशीत टॅट जवळजवळ निष्प्रभ ठरते.

आता उलट बाजू पाहा. विश्रांत पेशीत एनएफ-कप्पा-बी केंद्रकाबाहेर अडवलेले असते आणि सायक्लिन टी-1 चे प्रमाण अत्यल्प. अशा पेशीत विषाणूची जनुके वर्षानुवर्षे मूक राहतात. प्रचलित औषधे प्रामुख्याने विषाणूच्या विकरांना रोखतात. मूक जनुकांपासून विकरेच बनत नाहीत, मग औषधाने रोखायचे काय? बरे, सीडीके-9 लाच रोखावे, तर ते पेशीच्या स्वतःच्या जनुकांनाही लागते. भारतात 1 एप्रिल 2004 पासून शासनातर्फे मोफत मिळू लागलेली ही औषधे रुग्णाला आयुष्यभर घ्यावी लागतात, ती यामुळेच. ती थांबवली, तर बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच परततो.