पात्यांचा नाद : पूर्वकथन आणि उपशमन



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने विमानाच्या पंख्याच्या आवाजावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते आमचे विज्ञानाचे गुरुजी सांबऱ्याकडे जाणारे विमान शाळेवरून गेले की खडू खाली ठेवीत आणि विचारीत, "हा आवाज नेमका कोठून आला?" आम्ही म्हणत असू, "इंजिनातून." ते नकारार्थी मान हलवीत. त्यांचे उत्तर मला फार उशिरा उमगले.

या आवाजात मोठा वाटा पात्यांचा असतो. पाते हवा बाजूला सारते, त्यातून एक ध्वनी उमटतो. हवा मागे रेटते, त्यातून दुसरा. सहा पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २० फेरे आणि १२० स्पंदने होतात. तोच त्याचा मूळ स्वर.

१९३६ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ गुटिन यांनी हा ध्वनी गणिताने काढण्याची वाट दाखविली. १९५२ मध्ये लाइटहिल यांनी वायुजन्य ध्वनीची व्यापक मीमांसा केली. १९६९ मध्ये फोक्स विल्यम्स व हॉकिंग्ज यांनी ती गतिमान पृष्ठभागांना लागू केली. पंखा घडण्याआधीच त्याचा आवाज अजमावता येऊ लागला.

हे गणित बजावते की, पात्याच्या टोकाचा वेग ध्वनिवेगाजवळ गेला म्हणजे आवाज झपाट्याने वाढतो. १९५५ मध्ये उडालेल्या अमेरिकन एक्सएफ-८४एच विमानाच्या पात्यांची टोके ध्वनीहून वेगाने फिरत. जवळ काम करणाऱ्यांना मळमळ होई. म्हणून फेरे कमी करावेत, पाती वाढवून भार वाटून द्यावा, टोके बारीक व मागे वळलेली ठेवावीत. अर्थात पाती वाढली की वजन आणि खर्चही वाढतो.

हा खर्च कशासाठी? १९९२ मध्ये म्युनिकचा जुना विमानतळ बंद होऊन नवा सुरू झाला. दोन्हींलगतच्या मुलांची पाहणी झाली. २००२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जुन्या ठिकाणी मुलांचे वाचन आणि स्मरण सुधारले, नव्या ठिकाणी खालावले.

आमच्या गुरुजींचा खडू क्षणभरच थांबे. ज्या शाळांवरून दिवसभर विमाने जातात, तेथील शिक्षकांनी किती वेळा थांबावे? आवाज आधीच मोजता येतो, म्हणूनच तो कमी करण्याची जबाबदारीही टाळता येत नाही.