मानेचे दुखणे आणि सायकलस्वाराची बैठक
(अध्यक्षीय भाषण)

चेन्नईसारख्या तमिळभाषक महानगरात राहून मराठी भाषा व सायकलचा व्यायाम या दोहोंची निष्ठेने जोपासना करणाऱ्या बंधुभगिनींनो,

रुग्णांची मान आणि खांदे तपासण्यातच ज्याचे आयुष्य गेले, अशा भौतिकोपचारतज्ज्ञाला आपण या परिषदेच्या अध्यक्षस्थानी बोलाविलेत, तेव्हा माझ्या नित्याच्या अनुभवातलाच विषय मी आपल्यापुढे मांडावा, हे उचित होय.

पहाटे तिरुवान्मियूर सोडून पूर्व किनारा मार्गाने मुट्टुकाडूची खाडी ओलांडून मामल्लपुरमकडे जाणारे सायकलस्वार आपण पाहतो. जाताना ताठ असलेली हीच मंडळी परतताना एका हाताने हँडल सावरीत दुसऱ्या हाताने मानेचा मागील भाग चोळीत असतात, आणि हे दुखणे म्हणजे परिश्रमाचा रास्त मोबदला आहे, अशी त्यांची समजूत असते. या समजुतीचे निरसन करणे हेच माझ्या आजच्या भाषणाचे प्रयोजन आहे. मान दुखते हे खरे. परंतु दुखण्याचे मूळ बहुधा मानेत नसून सायकलच्या मापांत आणि स्वाराच्या सवयीत असते, आणि म्हणून त्याचा इलाज सोसण्यात नव्हे, तर मोजण्यात आणि नोंदण्यात आहे.

मानवी मस्तकाचे वजन साडेचार ते पाच किलो असते. माणूस ताठ बसला असता हा भार पाठीच्या कण्यावर सरळ उतरतो आणि स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. परंतु वाकड्या हँडलाच्या सायकलवर धड पुढे झुकते, आणि रस्ता दिसावा म्हणून मान मागे वाकवून डोके तासन् तास उचलून धरावे लागते. भरलेली कळशी कमरेवर घेणे आणि तीच हात लांब करून धरणे, यांत जे अंतर, तेच या दोन बैठकींत आहे. अंबत्तूरच्या ज्या टी. आय. सायकल्स कंपनीची स्थापना १९४९ साली झाली, तिच्या जुन्या हर्क्युलिस सायकलवर हँडल उंच असे आणि स्वार जवळजवळ ताठ बसे. आजची हलकी, वेगवान सायकल घेताना आपण तिच्याबरोबर एक निराळी देहस्थितीही पत्करतो, याचे भान मात्र विकणाऱ्यालाही नसते आणि घेणाऱ्यालाही नसते.

चेन्नईच्या बाबतीत याला आणखी एक कारण जोडले जाते. सिंहगडाच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात चढण लागली की स्वार उठून उभा राहतो, हात बदलतो, आणि नकळत मानेला विसावा मिळतो. येथील किनाऱ्याचा रस्ता सपाट. त्यावर एकच बैठक दोन-दोन तास मोडत नाही, समोरून वारा आला तर ती अधिकच खाली दबते. शिवाय येथील दमट उन्हात घामाने चष्मा नाकावरून घसरतो, आणि फ्रेमच्या वरच्या कडेखालून रस्ता पाहण्यासाठी स्वार हनुवटी आणखी उचलतो. अशा स्वाराला स्थिर आधारावर सायकल चालवायला लावून बाजूने न्याहाळावे: खांदे कानांकडे चढलेले, कोपरे काठीसारखी ताठ, हँडलावरची पकड इतकी घट्ट की बोटांची पेरे पांढरी पडलेली. आठवड्याचे पाच दिवस जुन्या महाबलीपुरम मार्गावरील कचेऱ्यांतून संगणकापुढे मान पुढे काढून बसणाऱ्याच्या वाट्याला रविवारी हे आले, तर त्याने तक्रार का करू नये?

सोसण्याची परिसीमा कोठवर जाते, याचा दाखला अमेरिका आडवी पार करणाऱ्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या सुमारे ४८०० किलोमीटरच्या शर्यतीने दिला आहे. १९८३ साली तीत मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोके उचलून धरणेच अशक्य झाले, आणि तेव्हापासून ही अवस्था त्याच्याच नावाने ओळखली जाते. ही शर्यत २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी जोडीने, आणि २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकएकट्याने पुरी केली. हे चौघेही वैद्यकीय व्यवसायातले. शरीराचे शास्त्र जाणणाऱ्यांनी हे साध्य केले, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही.

आता इलाजाचा तपशील. प्रथम सीट सपाट आहे की नाही ते पाहावे. तिचे नाक खाली झुकलेले असेल, तर देह पुढे घसरतो आणि सारा भार हातांवर व खांद्यांवर येतो. हात पुरत नाहीत म्हणून सीट पुढे ओढू नये, कारण तिची जागा गुडघ्यांसाठी ठरवायची असते. त्याऐवजी हँडल पुढच्या दांड्याला जोडणारे स्टेम आखूड घ्यावे, किंवा हँडल वर उचलावे, तेही एका वेळी सेंटिमीटरभरच, आणि काही दिवस चालवून मगच पुढचा फेरफार करावा. हँडलाची रुंदी खांद्यांइतकी असावी. टायर थोडे रुंद घेऊन त्यांतील हवा बेताची ठेवली, तर रस्त्याचे हादरे मानेपर्यंत कमी पोचतात. चालविताना कोपरे किंचित वाकलेली ठेवावीत आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी हातांची जागा बदलावी. घरी हनुवटी सरळ मागे घेण्याचा, खांद्यांची पाती एकमेकींकडे ओढण्याचा आणि पोट-पाठ बळकट करण्याचा व्यायाम नियमाने करावा; धड सैल पडले की त्याचा भार मानेलाच वाहावा लागतो.

तथापि हातात मुंग्या येऊ लागल्या, पकड दुबळी झाली, किंवा पडल्यानंतर मान दुखू लागली, तर सायकलची मापे बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. आणि खांदेदुखीबरोबर छातीत दडपण व धाप असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

या परिषदेने एक ठराव करावा, अशी माझी शिफारस आहे. १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान काढले, तेव्हा ते सायकल विकीत आणि ती चालवायलाही शिकवीत. विक्रेत्याची जबाबदारी पैसे घेतल्यावर संपत नाही, हा धडा आपल्या उद्योगपरंपरेच्या आरंभीच गिरविला गेला आहे. नोंदी ठेवण्याचाही असाच एक धडा आहे: तंजावरच्या सरफोजीराजांनी नेत्ररुग्णांवर उपचार करविताना प्रत्येकाची हकिकत चित्रांसह नोंदवून ठेविली, आणि ते दप्तर सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेले आहे. याच तमिळ भूमीवर मराठी माणसाने घालून दिलेला हा कित्ता आपण पुढे न्यावा. प्रत्येक स्वाराची एक नोंदपत्रिका असावी: सीटची उंची, हँडलाचे अंतर, केलेला प्रत्येक फेरफार, आणि त्यानंतर दुखणे कमी झाले की वाढले याची कैफियत. ती विक्रेत्याने सुरू करावी, स्वाराने चालू ठेवावी आणि उपचारकाने वाचावी. असे झाले तर एकाच्या दुखण्यातून मिळालेले ज्ञान दहा जणांच्या उपयोगी पडेल, आणि केवळ दुखण्याला कंटाळून सायकल सोडणारा माणूस पन्नाशीनंतरही रस्त्यावर राहील. हा ठराव आपण एकमताने संमत करावा आणि त्याच्या अंमलबजावणीची तजवीज आजच्या आज करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.